सायकल घेण्याआधी एक चक्कर

सहा ते पंधरा हजार रुपयांच्या दरम्यानची सायकल घ्यायला माणूस दुकानात शिरला की त्याची नजर आधी तीन गोष्टींवर जाते. गिअर किती आहेत, पुढे सस्पेन्शन आहे का आणि चाकाला डिस्क ब्रेक आहे का. दुकानदारही याच तीन गोष्टी दाखवतो, कारण त्या लांबून दिसतात. मी गेली तीसेक वर्षं पुण्यात सायकल चालवतो आहे. स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी मिळून पंधरा-सोळा सायकली पारखून घेतल्या, आणि माझं मत या तीन गोष्टींच्या अगदी विरुद्ध टोकाला गेलं आहे. या किमतीत सायकल सुखाची होते ती टायर आणि त्यातल्या हवेमुळे, सरळ फिरणाऱ्या चाकांमुळे, नीट बसवलेल्या छर्‍यांमुळे, ब्रेकच्या रबरांमुळे आणि तुमच्या उंचीला बसणाऱ्या चौकटीमुळे. कारखान्याला या किमतीत खर्च करायला रक्कम ठरावीकच असते. ती दिखाऊ भागांवर गेली की चालणाऱ्या भागांना कमी पडते.

हे मला एका चुकीतून कळलं. पुतणी अकरावीला गेली तेव्हा तिच्याबरोबर सायकल घ्यायला मी गेलो होतो. पुढेमागे स्प्रिंगा, २१ गिअर, जाड दातेरी टायर अशी एक सायकल तिला आवडली. दुकानापुढच्या गुळगुळीत रस्त्यावर तिने दोन फेऱ्या मारल्या, छान वाटली, घेतली. घर कोथरूडमध्ये चढावर. पहिल्याच आठवड्यात ती म्हणायला लागली, "काका, पाय फार भरून येतात." मला वाटलं, सवय नाही. दोन महिन्यांनी ती बसने जायला लागली. तेव्हा एका रविवारी मी ती सायकल घेऊन निघालो, आणि चढाला लागताच कळलं. प्रत्येक पायडलबरोबर मागची स्प्रिंग खाली-वर होत होती, पायातला जोर रस्त्याला लागण्याआधीच तिच्यात मुरत होता. टायर घरघरत होते. सीट पूर्ण वर ओढूनही तिच्या उंचीला कमी पडत होती. मुलीची सायकलची हौस आमच्या निवडीने मोडली, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून पारखण्याची ही रीत जरा तपशिलात सांगतो.

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि रोजचा रस्ता लिहून काढा. किती किलोमीटर, चढ कुठे आणि किती लांब, डांबर की काँक्रीट की पेव्हर ब्लॉक की मुरूम, पाऊस किती, बरोबर ओझं काय, सायकल रात्री कुठे उभी राहणार, जिना चढवावी लागणार का. सोलापूर-लातूरच्या सपाट रस्त्यावरची गरज वेगळी, साताऱ्याच्या चढांवरची वेगळी आणि रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, ओल्या हवेतली तिसरीच. एकच सायकल तिन्हीकडे सारखी चांगली ठरत नाही. कागद हातात असला की विक्रेत्याच्या बोलण्याने मन हलत नाही, एवढा त्याचा नक्की फायदा.

सगळ्यात आधी माप. दांडीच्या सायकलीवर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकवून उभं राहा. दांडी आणि तुमच्यामध्ये तीन-चार सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. मग सीटवर बसा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा आणि टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय पूर्ण सरळ झाला तर सीट बरोबर उंचीवर आहे. प्रत्यक्ष चालवताना पायडलवर टाचेऐवजी चवडा असतो, म्हणून गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या पाय टेकायला हवे असतात. त्यात गुडघ्यांवर विनाकारण ताण येतो आणि दोष जातो सायकलीला. योग्य उंचीला आणताना सीटची नळी तिच्यावरच्या कमीत कमी खुणेच्या वर काढावी लागत असेल, तर चौकट तुम्हाला लहान आहे. दुसरी मागा.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी सवय आहे. वाढत्या अंगाचा गणवेश घेतो तशी वाढत्या अंगाची सायकलही घेतो. गणवेश सैल झाला तर फार काही बिघडत नाही, पण मोठ्या सायकलवर लहान मूल ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटं पोचवू शकत नाही आणि थांबताना तोल सांभाळू शकत नाही. सीट सर्वांत खाली असताना दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले आणि दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता आला, तर ती सायकल मुलाला आज चालेल आणि पुढची दोन-तीन वर्षंही पुरेल. याहून मोठी घेऊ नका.

आता सायकल उचला. खरंच हातांनी उचलून बघा. जुन्या वळणाची काळी सायकल वीस-बावीस किलोंची असते, स्प्रिंगांची गिअरवाली सोळा-अठरा, बिनस्प्रिंगांची अॅल्युमिनियमची साधारण तेरा ते पंधरा. वजनाची चर्चा फार होते, म्हणून थोडा हिशेब करू. साठ किलोंचा माणूस २० किलोंच्या सायकलवर बसला की एकूण ८०, १६ किलोंच्या सायकलवर ७६. चढावर फरक पडला तो पाच टक्क्यांचा, आणि सपाटीवर एकदा वेग घेतला की तो जवळजवळ जाणवतही नाही. सपाटीवर तुमचा दम खातात ते टायर आणि वारा. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि रोज सायकल वर न्यावी लागत असेल, तर मात्र हे चार किलो रोज दोनदा भेटतात. तिथे हलकी सायकल घ्याच.

उचललेल्या सायकलचं पुढचं चाक हाताने हलकेच फिरवा आणि सोडून द्या. बेअरिंग मोकळं असेल तर चाक बराच वेळ फिरतं, थांबता थांबता झोपाळ्यासारखं मागे-पुढे झुलतं आणि जड बाजू खाली आणून स्थिर होतं. चाक झटकन आणि कुठेही अडकून थांबलं, तर बेअरिंगचे कोन जास्त आवळलेले आहेत किंवा आत ग्रीस नाही. फिरताना चाकाकडे पुढून बघा आणि रिम ब्रेकच्या रबरांपासून डावी-उजवीकडे किती सरकते ते पाहा. हे सरकणं म्हणजे चाकाचा आउट. एक-दोन मिलिमीटरचा आउट तारा आवळून लगेच निघतो, पण नव्या सायकलला तो काढून मागायचा, तसाच स्वीकारायचा नाही. मग रिम हातात धरून आडवी हलवा. 'टक टक' लागलं तर कोन सैल आहेत. तसंच क्रँक धरून आतबाहेर हलवा. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलच्या मुळाशी झटका जाणवला तर चिमट्याचे कप-छर्रे सैल आहेत. यातलं काहीही सुधारायला मेकॅनिकला दहा मिनिटं लागतात, पण तशीच चालवली तर दोन-तीन महिन्यांत छर्‍यांचे खड्डे कपात पडतात आणि मग ती सायकल कधीच पहिल्यासारखी चालत नाही. स्वस्त सायकल 'लवकर खराब होते' असं आपण म्हणतो, त्यातल्या पुष्कळशा घरी आल्या त्या दिवशीच चुकीच्या आवळलेल्या असतात. कारखान्यातून त्या खोक्यात अर्धवट जोडून येतात. उरलेली जोडणी कोण करतो, यावर तुमचं पुढचं वर्ष ठरतं. ऑनलाइन घेतलेल्या सायकलचा खरा धोका हाच आहे. किमतीत पाचशे-हजार वाचतात, पण खोकं उघडून पाना तुमच्या हातात येतो. तशी घेतलीच तर जवळच्या जाणत्या मेकॅनिककडून जोडून घ्या आणि त्याला त्याचे पैसे मोकळ्या हाताने द्या.

खिशात एक लहानसं चुंबक घेऊन जा. रिमला लावून बघा. चिकटलं तर रिम लोखंडी, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमची. चकचकीत क्रोम केलेली लोखंडी रिम दिसायला सुरेख असते आणि कोरड्या दिवसात तिच्यावर ब्रेकही ठीक लागतो. पावसात मात्र रबर तिच्यावर अक्षरशः घसरतं. ब्रेक दाबल्यावर सायकल बरंच अंतर तशीच पुढे जाते, आणि उतारावर समोर रिक्षा थांबलेली असताना ही गोष्ट जिवावर बेतू शकते. जून ते सप्टेंबर सायकल वापरणार असाल, तर हजारभर रुपये जास्त गेले तरी अॅल्युमिनियमच्या रिमा मागा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. सळईच्या ब्रेकच्या काळ्या सायकली लोखंडी रिमांवरच चालतात. त्या पिढ्यानपिढ्या चालल्या, पण तेव्हा रस्त्यावर गर्दी वेगळी होती. पावसात त्यांच्यावर संथ चालवा आणि ब्रेक आधीपासून हलके दाबत राहून रिमवरचं पाणी पुसून घ्या.

डिस्क ब्रेकबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. चिखलात आणि संततधार पावसात डिस्कचा उपयोग खरा आहे, कारण ती रिमपासून आणि रस्त्यावरच्या पाण्यापासून दूर असते. पण दहा हजारांच्या आतल्या सायकलींवर जी मिळते तिची चकती अनेकदा किंचित वाकडी असते. चाक उचलून फिरवा आणि कान द्या. दर फेऱ्याला 'खर्र' असा आवाज आला की ती घासते आहे. गावात तिचे पॅड मिळत नसतील आणि मेकॅनिकने ती कधी उघडलेली नसेल, तर अॅल्युमिनियम रिमवरचे साधे व्ही-ब्रेक कितीतरी बरे. त्यांची रबरं तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि घरी बदलता येतात. ब्रेक कुठलाही असो, तपासायची पद्धत एकच. सायकलशेजारी उभं राहून ती पुढे चालवा आणि पुढचा ब्रेक दाबा. मागचं चाक उचलायला लागलं पाहिजे. मागचा दाबा, चाक घसटत थांबलं पाहिजे. दांडा हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागत असेल तर वायर आवळायला सांगा आणि पुन्हा बघा.

आता चक्कर. तिच्याआधी हवा तपासणं आवश्यक आहे, नाहीतर तुम्ही सायकल पारखत नाही, हवा पारखता. दुकानात उभ्या सायकलींची हवा हळूहळू उतरलेली असते. टायरच्या कडेला किती पीएसआय भरायची ते लिहिलेलं असतं. दुकानदाराला तेवढी मोजून भरायला लावा. हवा कमी असली की सायकल मऊ आणि जड वाटते, फार जास्त असली की दगडासारखी आदळते.

सायकलचं खरं सस्पेन्शन ही हवाच आहे. बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर बनवलं आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं, तेही गचके कमी व्हावेत म्हणूनच. आपल्या कितीतरी सायकलींच्या ट्यूबवर जो बारीक रबरी नळीचा व्हॉल्व्ह असतो, त्यालाही डनलॉपचंच नाव आहे. स्वस्त सायकलीच्या पुढच्या चिमट्यात असते ती नुसती स्प्रिंग. ती दाबली जाते आणि तितक्याच जोराने उसळते, उसळी जिरवण्याची सोय तिच्यात नसते. वर किलो-दीड किलो वजन वाढतं. त्याऐवजी साधा लोखंडी चिमटा आणि पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे, मधोमध गुळगुळीत असलेले टायर घ्या. खड्ड्यांचा मारा ते झेलतात आणि डांबरावर सहज सरकतात. दातेरी टायर मातीसाठी बनवलेले असतात. डांबरावर त्यांचे दाते प्रत्येक फेऱ्यात दबून उठतात आणि ती ऊर्जा तुमच्या पायांतून जाते. ऐंशी किलोंच्या ओझ्याला ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने चांगले गुळगुळीत टायर साधारण १८ ते २० वॅट खातात, मऊ हवेतले दातेरी टायर ३५-४० वॅटपर्यंत सहज जातात. रोजचा सायकलवाला आरामात चालवताना देतो तोच मुळात ७०-८० वॅट. हिशेब ढोबळ आहे, पण फरक किती मोठा ते त्यावरून दिसेल. आवडलेल्या सायकलला दातेरी टायर असतील तर घेतानाच बदलून मागा. नवे टायर फरकाच्या रकमेत मिळतात आणि सायकल दुसरीच होऊन जाते.

चक्कर निदान पंधरा मिनिटांची मारा. दुकानासमोर दोन फेऱ्या मारून काही कळत नाही, आमच्या घरी तेच झालं होतं. जवळ एखादा चढ, एखादा गतिरोधक आणि थोडा खराब रस्ता शोधा. दुकानदार सोडायला तयार नसेल तर आधार कार्ड ठेवा, हजार रुपये ठेवा, पण ही चक्कर टाळू नका. गतिरोधकावरून सीटवर बसूनच जा आणि कान उघडे ठेवा. मडगार्डचा खडखडाट, साखळी कव्हरला लागण्याचा आवाज, कॅरिअरची थरथर यातलं काय वाजतं ते लक्षात ठेवा. एखादा नट सैल असेल तर आवाज जातो, पण पत्रा पातळ असेल तर तो रोज सोबतीला येतो. चढावर उभं राहून चार पायडलं मारा. क्रँक कटकटला, साखळी दात्यावरून सुटली किंवा चौकट पायाखाली वळवळली, तर सायकल परत करा. सपाटीवर हँडल अगदी हलक्या हाताने धरून सरळ चालवा. सायकल सतत एका बाजूला ओढत असेल तर चाक वाकडं बसलंय किंवा चिमटा वाकडा आहे. रस्त्यावर पाण्याचं डबकं असेल तर त्यातून जा आणि पुढे सरळ रेषेत चालवून मागे वळून बघा. दोन्ही चाकांचा ओला माग एकावर एक पडला पाहिजे. दोन रेषा वेगळ्या दिसल्या तर चौकटीत खोट आहे, आणि ती कुठलाही मेकॅनिक पूर्णपणे काढू शकत नाही.

दोन सायकलींमध्ये मन अडकलं असेल तर एक सोपी परीक्षा आहे. एखाद्या छोट्या उतारावर ठरावीक जागेवरून, एकदाही पायडल न मारता, दोन्ही सायकली आळीपाळीने सोडा. चालवणारा एकच, बसण्याची ढब एकच, हवा दोन्हीत टायरवर लिहिल्याइतकी. कुठली जास्त लांब जाऊन थांबते ते खडूने खूण करून बघा. टायर, बेअरिंग, घासणारे ब्रेक या सगळ्यांचा निकाल त्या खुणेत येतो.

गिअरचा प्रश्न अनेकांना छळतो आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे. पुढच्या चेनव्हीलचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा आणि भागाकार करा. पुढे ४४, मागे १८ असले तर एका पायडल-फेऱ्यात मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. चाक २६ × १ ३/८ चं असेल तर त्याचा परीघ २.०७ मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्यात तुम्ही पाच मीटर पुढे जाता. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी अठरा किलोमीटर होतो. सपाट शहरासाठी हे उत्तम आहे, चढाला जड. आणि इथे एक स्वस्त उपाय आहे जो दुकानदार सहसा सांगत नाही. बिनगिअरच्या सायकलला मागचं फ्रीव्हील १८ ऐवजी २० किंवा २२ दात्यांचं बसवून मिळतं. काही शे रुपयांत काम होतं, क्वचित साखळीला एखादी कडी वाढवावी लागते. अठराचं बावीस केलं की गुणोत्तर बरोबर दोनवर येतं. सपाटीवर वेग ताशी पंधराच्या घरात राहतो, पण चढावर उतरून ढकलत न्यायची वेळ टळते. आमच्या पुतणीला पुढे जी साधी लेडीज सायकल घेतली तिला आम्ही बावीसचं फ्रीव्हील बसवलं. कॉलेज संपेपर्यंत ती त्याच सायकलवर गेली.

खरोखर मोठे चढ असतील तर गिअर हवेतच. पण 'एकवीस' या आकड्याकडे बघू नका. पुढे तीन आणि मागे सात चाकं असली की एकवीस जोड्या होतात, त्यातल्या बऱ्याच एकमेकींसारख्या असतात आणि काहींत साखळी इतकी तिरकी होते की त्या वापरूच नयेत. बघायचं ते सर्वांत हलकं गुणोत्तर. पुढचं सर्वांत लहान चाक २८ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठंही २८ चं असेल तर गुणोत्तर एक, म्हणजे दोनच्या निम्मं. त्यावर सामान घेऊनही चढ चढता येतो. पुढे एकच चेनव्हील आणि मागे सात चाकं अशी सायकल मिळाली तर शहरासाठी ती मला सगळ्यात शहाणी निवड वाटते. पुढचा डिरेलर, त्याची वायर आणि त्याची कटकट तिथे नसते.

व्यवहारातल्या सोयींकडे आता वळू, कारण चालायला गोड असलेली सायकल कपाटासारखी उभी राहते ती याच सोयींच्या अभावी. पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेत, नाहीतर पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ उमटते आणि कचेरीत जाता येत नाही. साखळीवर कव्हर हवं. ओढणी, साडी किंवा ढगळ पायजमा घालून चालवणार असाल तर मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी हवीच. ओढणी चाकात गुंतून होणारा अपघात फार वाईट असतो आणि पन्नास-शंभर रुपयांच्या जाळीने तो टळतो. स्टँड दोन पायांचा असेल तर मागे भाजीची पिशवी बांधतानाही सायकल उभी राहते, एकपायी स्टँडवर ती बाजूला कोलमडते. कॅरिअरवर प्रत्यक्ष दहा किलो ठेवून, बांधून, चालवून पाहा. काही कॅरिअर नुसते दाखवण्यापुरते असतात. काही चौकटींना तर मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकंच नसतात, हे बिल करण्याआधी बघून घ्या.

सीटचं तत्त्व बसण्याच्या ढबीवर आहे. सरळ बसून चालवणार असाल तर सगळं वजन सीटवर येतं, म्हणून रुंद आणि स्प्रिंगांची सीट योग्य. पुढे झुकून चालवणार असाल तर वजन हातांवरही वाटलं जातं, तिथे अरुंद सीट बरी. फार मऊ गादी दुकानात सुखाची वाटते आणि अर्ध्या तासाने टोचायला लागते.

टायरचा आकार हा गावाकडच्या माणसाने सगळ्यात काळजीने बघायचा मुद्दा आहे. टायरवर मिलिमीटरमधला एक आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. '२६ इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या लेडीज सायकलच्या टायरवर ३७-५९० असतं, तर दातेरी २६ च्या टायरवर ५५९. काळ्या सायकलचं अठ्ठावीस म्हणजे ६३५, आणि हायब्रिडचं ७०० सी म्हणजे ६२२. हे एकमेकांना बसत नाहीत. तुमच्या बाजारच्या गावी कुठला टायर आणि कुठली ट्यूब दुकानात लटकलेली असते ते आधी जाऊन बघा आणि मगच सायकल ठरवा. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, त्या पैशातून घेणाऱ्या पालकांनाही माझं हेच सांगणं आहे. जिची ट्यूब गावच्या पंक्चरवाल्याकडे मिळते ती सायकल शाळेत जात राहते. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण पंपाचा दाब सायकलच्या छोट्या ट्यूबला फार पटकन भरतो. क्षण-क्षणभर देत, अंगठ्याने दाबून बघत भरा.

खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी अॅल्युमिनियम रिम आणि बंद साखळी-कव्हर यांना रंगरूपापेक्षा वर ठेवावं, आणि पावसात साखळीला आठवड्याला तेल द्यावं.

किमतीची घासाघीस करताना एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल मागा आणि त्यावर कराचा आकडा बघा. दोनशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगलं कुलूप, पंप, घंटी आणि मागचा लाल दिवा मागितला तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.

जुनी सायकल घेत असाल तर वरच्या सगळ्या परीक्षा तशाच. शिवाय साखळीवर फूटपट्टी लावा. एका पिनेच्या मध्यापासून मोजलेल्या चोवीस छोट्या कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर साखळी झिजली आहे आणि बहुधा मागचे दातेही गेले आहेत, तो खर्च किमतीतून कापून घ्या. दांडी आणि हँडलची नळी जिथे मिळतात तिथे रंगाखाली केसासारखी भेग आहे का ते बोट फिरवून बघा. भेग असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. टायरच्या कडा सुकून फाटल्या असतील तर त्यांचा हिशेब वेगळा धरा.

नवी सायकल घरी आली की क्रँकच्या खाली, चौकटीच्या बुडाशी कोरलेला नंबर लिहून ठेवा आणि त्याचा फोटो बिलासोबत जपून ठेवा. पंधरा दिवस किंवा शंभर किलोमीटर झाले की ती दुकानात परत न्या. नव्या तारा या काळात आपल्या जागी बसतात आणि सैल होतात, म्हणून चाकांचा आउट पुन्हा काढून घ्यायचा. वायरी लांबलेल्या असतात, त्या आवळायच्या, आणि क्रँकच्या पिना किंवा नट एकदा परत दाबून घ्यायचे. पायडलं घरीच तपासा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि ते न कळल्याने माणसं ते घट्ट करायला जाऊन उलट सैल करतात. पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे वळवा. दोन्ही बाजूंची पायडलं तशीच घट्ट होतात.